लेतिवाची कुरणं: आल्प्समधलं एक निसर्ग उद्यान आणि तिथली डोंगरशेती

गवतफूल

दर उन्हाळ्यात आपल्या या फोरमवर "स्वित्झर्लंडला आठ दिवस, काय काय बसेल?" असे धागे येतात आणि युंगफ्राउ, टिटलिस, लुसर्नची बोट ही नावं सुचवली जातात. ती बघावीतच. पण मला लोझानला येऊन सहा वर्षं झाली आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी जिथे हट्टाने नेते ती जागा त्या याद्यांमध्ये कधीच नसते. म्हणून हा धागा.

जागेचं नाव ग्रुयेर–पेई-दांओ प्रादेशिक निसर्ग उद्यान. पेई-दांओ म्हणजे वरचा मुलूख. जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला मोंत्रो आहे. तिथून छोट्या रुळाची निळी-पांढरी गाडी वळणं घेत वर चढते, एका बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यात उतरते आणि तासाभरात शातो-देला पोचते. (स्टेशनच्या पाटीवर अक्षरं भरपूर आहेत, पण उच्चार एवढाच. तिकीट काढताना उपयोगी पडेल.) उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फाटक, तिकीट आणि आत जनावरं असं येतं. इथे फाटक नाही. व्हो आणि फ्रिबूर या दोन कँटनांमधली (म्हणजे तिथल्या राज्यांमधली) अख्खी गावं, त्यांच्या शाळा, गोठे, लाकूड कापायचे कारखाने सगळं उद्यानाच्या आत आहे. २०१२ साली केंद्र सरकारने याला मान्यता दिली ती माणसांना बाहेर काढून नव्हे, तर तिथे राहून शेती करणाऱ्यांसकट.

गेल्या जुलैत बाबा आले होते. पाटण तालुक्यातले आम्ही. घरात चार म्हशी होत्या, आई गेल्यावर बाबांनी त्या विकल्या. बर्फाच्या शिखरावर नेलं तर ते पाच मिनिटांत म्हणाले, "बघितलं, चला." मग मी त्यांना लेतिवाला न्यायचं ठरवलं.

लेतिवा हे शातो-देच्या वर, मोस घाटाच्या रस्त्यावरचं लहानसं गाव. त्याच नावाचं चीज इथे बनतं आणि त्याचे नियम कडक आहेत: फक्त १० मे ते १० ऑक्टोबर, फक्त डोंगरावरच्या कुरणांवर, हजार ते दोन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात, कच्च्या दुधाचं आणि लाकडाच्या उघड्या जाळावर. गॅस नाही, वाफ नाही. साधारण सत्तर कुटुंबं अशी वर जातात. मे-जूनमध्ये गुरं चढवतात, गवत संपत जाईल तसं खालच्या झोपडीतून वरच्या झोपडीत हलतात आणि सप्टेंबरअखेर उतरतात. झोपडी म्हणजे त्यांचं 'शाले'. छपरावर स्प्रूसच्या लाकडाच्या पातळ फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या असतात. त्यांना 'ताव्हियाँ' म्हणतात आणि त्या हाताने फाडणारे कारागीर या खोऱ्यात अजून आहेत.

आम्ही आधी विचारून ठेवलं होतं, पहाटे निघालो आणि सातच्या आत वर होतो. आत गेल्यावर आधी धूर डोळ्यांत गेला. मग दिसलं: तुळया काजळीने काळ्या कुळकुळीत, मधोमध जाळ आणि त्यावर तांब्याची प्रचंड कढई. ती एका उभ्या लाकडी खांबाच्या आडव्या हातावर टांगलेली असते. पाहिजे तेव्हा ढकलून जाळावर न्यायची, पाहिजे तेव्हा बाजूला घ्यायची. विस्तव कमी-जास्त करण्यापेक्षा कढईच हलवतात.

आदल्या संध्याकाळचं दूध पसरट भांड्यांत रात्रभर ठेवलेलं होतं. त्याची साय काढून ते सकाळच्या धारेच्या दुधात ओतलं. विरजण घातलं, रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) घातलं आणि दूध गोठेपर्यंत तिथला चीज करणारा गुराखी आमच्याशी बोलत बसला. गुराख्याला तिथे 'आर्माई' म्हणतात. मग तारा लावलेल्या पात्याने त्याने ते घट्ट दही कापत कापत गव्हाच्या दाण्याएवढं केलं, कढई जाळावर घेतली आणि हलवत हलवत सत्तावन्न अंशांपर्यंत नेली. थर्मामीटर होता, पण शेवटचा निर्णय हाताचा. मूठभर दाणे घेऊन दाबले, गोळा वळला, अंगठ्याने चोळला तसे दाणे परत सुटले. त्याने मान हलवली आणि कढई बाजूला ओढली.

यानंतरचं मी किती वेळा पाहिलं तरी श्वास रोखून बघते. एका मोठ्या कापडाची एक कड लवचीक पट्टीवर गुंडाळलेली. दुसरी कड त्याने दातांत धरली, कढईवर पूर्ण वाकला, दोन्ही हात कोपरापर्यंत त्या कढत पाण्यात घालून पट्टी तळावरून आपल्याकडे ओढत आणली आणि चारी टोकं धरून सगळा गोळा वर उचलला. पिवळसर पाणी धो धो गळत होतं. बाबा तोवर चुलीशेजारी उकिडवे बसले होते. ते एकदम म्हणाले, "अगं, चक्का बांधतोय हा."

गोळा साच्यात गेला, वर दाब आला. उरलेलं पाणी डुकरांना. प्रत्येक शालेमागे दोन-चार डुकरं असतात ती त्यासाठीच.

बाहेर आलो तेव्हा समोर जे हिरवंगार दिसत होतं ते मला त्या दिवशी वेगळं दिसलं. ती हिरवळ निसर्गाने अंथरून दिलेली नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी दगड वेचले, झुडपं तोडली, शेण पसरलं, गुरं या तुकड्यातून त्या तुकड्यात फिरवली, तेव्हा ती झालीय. फोटोत आपण हिरवळ काढतो, काम दिसत नाही. इथे काम दिसतं. तिकडे जाणार असाल तर एक सकाळ त्यासाठी काढाच.

दोनतिकिटं

किती छान लिहिलंय. आम्ही जूनअखेर येतोय. बरोबर सासू-सासरे (६८ आणि ७२, सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. एवढ्या सकाळी इतकं वर जाणं जमणार नाही. आम्हाला काय बघता येईल? आणि गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का?

गवतफूल

@दोनतिकिटं, गाडी नको. मोंत्रोहून ट्रेन आणि शातो-देहून लेतिवापर्यंत पिवळी पोस्टबस, दोन्हींवर स्विस ट्रॅव्हल पास चालतो. बस अगदी या चीजवाल्या कुटुंबांच्या सहकारी संस्थेच्या तळघरांपाशी थांबते. तिथे चीज पिकायला ठेवतात, चढ अजिबात नाही. मुलाला तिथलं यंत्र आवडेल: मांडणीच्या ओळींमधून सरकत जातं, चीजचं एकेक गोल चाक बाहेर काढून मिठाच्या पाण्याने घासतं, उलटं करतं आणि परत ठेवतं. परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, बसेस मोजक्याच आहेत.

सासूबाईंसाठी शातो-देचं संग्रहालय. या खोऱ्यात कागद कातरून चित्रं करायची परंपरा आहे. योहान याकोब हाउसविर्थ (१८०९ ते १८७१) हा मोलमजुरी करत दारोदार फिरणारा माणूस. बोटं इतकी जाड की कात्रीच्या कड्यांत जायची नाहीत, म्हणून त्याने तारेची मोठी कडी लावून घेतली होती. त्या हातांनी त्याने डोंगर चढणाऱ्या गाईंची रांग, प्रत्येकीच्या गळ्यातली घंटा, कुत्रा, झाडाची पानं असं सगळं एका कागदातून कातरलंय. अशा चढणाऱ्या रांगेला 'पोया' म्हणतात. घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगवलेल्या पोयाही दिसतील, गोठ्याच्या दारावर विशेष.

वाटेत रोसिनिएर स्टेशन आलं की खिडकीशी बसा. १७५०च्या दशकातलं, शंभराहून जास्त खिडक्यांचं प्रचंड लाकडी घर दिसतं.

चरवीभर

तीस वर्षं दूध संघात नोकरी केली, त्यातली बरीचशी प्रयोगशाळेत. तुमचं वर्णन दोनदा वाचलं.

सत्तावन्न अंशांबद्दल थोडं. कापलेलं दही इतकं तापवलं की दाण्यातलं पाणी पिळून निघतं, म्हणून हे चीज कडक होतं आणि महिनोन् महिने टिकतं. डोंगरावरच्या माणसाला तेच हवं होतं. रोज दूध खाली नेणं शक्य नाही, रस्ता नाही, मग दूध टिकेल आणि उचलता येईल अशा रूपात आणायचं. ढोबळ हिशेब दहा लिटरला एक किलो. आपल्याकडे सह्याद्रीतल्या गवळ्यांनी तूप आणि खवा केला तो याच कारणाने. तांब्याचंही तसंच. तांबं उष्णता लगेच आणि सगळीकडे सारखी पोचवतं, उघड्या जाळावर दूध तळाला लागू नये म्हणून ते बरं.

मला विचारायचं आहे ते सहकाराबद्दल. संस्था कधीची? आणि प्रत्येकाचं चीज वेगळं राहतं का?

गवतफूल

@चरवीभर, वेगळं राहतं, आणि मला त्यांची हीच गोष्ट फार आवडते. १९३० च्या सुमारास इथल्या कुटुंबांना वाटलं की ग्रुयेर चीजसाठीच्या सरकारी नियमांमुळे डोंगरावरच्या जुन्या पद्धतीचा दर्जा खाली येतोय. ते त्या व्यवस्थेतून बाहेर पडले, १९३२ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली आणि १९३४ मध्ये पहिलं तळघर बांधलं. आजही प्रत्येक कुटुंब वर आपलं चीज करतं, सात दिवसांच्या आत खाली तळघरात आणतं आणि पुढचं पिकवणं संस्थेकडे असतं, किमान पाच महिने. चाकं दहा किलोपासून अडतीस किलोपर्यंतची, ज्याची गुरं किती त्यावर. काही चाकं अडीच वर्षं ठेवतात. ती इतकी कडक होतात की रंध्याने पातळ सुरळ्या काढून खातात.

वाईन सोडली तर स्वित्झर्लंडमध्ये भौगोलिक नावाचं संरक्षण सगळ्यात आधी मिळालं ते याच चीजला.

चरवीभर

म्हणजे आमच्या अगदी उलट. आमच्या संघात दूध एकत्र होतं आणि टँकरमध्ये पडलं की कुणाचं कुठलं ते उरत नाही. ते दूध एकत्र करत नाहीत, पिकवणं आणि विकणं एकत्र करतात. ज्या कामाला भांडवल आणि थंड जागा लागते तेवढंच सामाईक. हे मी लिहून ठेवतोय.

हिशेबी

धाग्याच्या आनंदात विरजण घालायचं नाही, पण एक बाजू मांडतो. ही शेती सरकारी पैशावर उभी आहे. पैसा बंद केला तर किती जण वर जातील? मग ते पर्यटकांसाठी जपलेलं चित्र ठरतं. परंपरा म्हणताना हे सांगायला हवं.

गवतफूल

सांगायला हवंच, आणि तिथले शेतकरी ते लपवतही नाहीत. गुरं वर नेण्यासाठी वेगळं अनुदान मिळतं. मोजण्याची रीत अशी की एक मोठं जनावर शंभर दिवस कुरणावर राहिलं की एक माप. प्रत्येक कुरणाला ही मापं ठरवून दिलेली असतात. फार जास्त गुरं नेली तर पैसे कापतात, फार कमी नेली तरी कापतात, कारण दोन्हींत कुरण बिघडतं. म्हणजे पैसा जनावरासाठी नसून कुरण नीट राखण्यासाठी आहे. १९९६ साली लोकांनी मतदान करून राज्यघटनेत लिहून घेतलं की शेतीचं काम अन्न पिकवण्यापुरतं नाही, निसर्गसंपत्ती आणि भूदृश्य राखणं आणि दुर्गम भागात वस्ती टिकवणं हेही शेतीचं काम आहे. समाजाने एका कामाची किंमत ओळखली आणि मोजली. याला दिखावा कसं म्हणू? तो माणूस पहाटे उठून धारा काढतो तेव्हा आम्ही तिथे नसतो, पावसात घसरत कुंपणाचे खांब ठोकतो तेव्हाही नसतो.

पानगळ

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मध्ये बोलते. चराई थांबली की आल्प्समध्ये काय होतं हे बघायला लांब जावं लागत नाही. त्याच खोऱ्यातले सोडून दिलेले, उत्तरेकडे तोंड असलेले उतार बघा. तिथे हिरवा अल्डर नावाचं झुडूप माजतं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत ओढतात, जमीन खतावते, मग मोजक्या दांडग्या वनस्पती वाढतात आणि कुरणातली डझनावारी लहान फुलं संपतात. एकदा ते दाट झालं की गाय आत शिरत नाही.

उलट जादा चराईही दिसते. शालेच्या अवतीभवती, गुरं बसतात तिथे, रुंद पानांचं डोंगरी चुक्याच्या जातीचं तण माजलेलं असतं. तिथे शेण-मूत जास्त झालंय हे त्यावरून ओळखायचं.

आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपण घातल्यानंतर हाच वाद झाला होता. गुरं थांबल्यामुळे उंच गवत वाढून छोटी फुलं दबतात असं स्थानिक लोक सांगत होते. कातळावरची माती आणि आल्प्सचं कुरण एक नव्हे, तिथलं उत्तर उचलून इथे लावता येणार नाही. पण गुराख्याला विचारल्याशिवाय कुरणाचा निर्णय घेऊ नये एवढं दोन्हीकडे खरं आहे.

जुलैत जाणाऱ्यांसाठी: छातीपर्यंत उंच, पिवळ्या फुलांचं जेन्शियन दिसेल. त्याच्या मुळांची कडू दारू काढतात. त्याच्यासारखंच दिसणारं व्हेराट्रम मात्र विषारी आहे. जेन्शियनची पानं समोरासमोर जोडीने येतात, व्हेराट्रमची आलटून पालटून. मुलांना ओळखायला शिकवा, हात लावू देऊ नका.

माळरान

आम्ही माणदेशातले धनगर. आजोबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर. इथले लोक उन्हाळ्यात वर चढतात, आमचे थंडीत खाली उतरायचे. दिशा उलटी, कारण एकच, चारा आणि पाणी जिथे तिथे जायचं.

धागा वाचताना एका गोष्टीने आत हललं. तिथे गुरं उतरतात तेव्हा गाव रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवतं असं ऐकलंय. आमचा कळप रस्त्यावर आला की मागून हॉर्न. रानात गेलं की वनखात्याची भीती. एके काळी कोकणातला शेतकरी शेतात मेंढ्या बसवायला बोलवायचा, खताच्या बदल्यात भात द्यायचा. आता बोलावणारे कमी झालेत. चुलतभाऊ अजून जातो. त्याला मी हा धागा वाचून दाखवणार आहे.

ते उतरणं कसं असतं, कुणी पाहिलंय का?

बासेलकर

@माळरान, मी पाहिलंय, तिथल्या शार्मे गावी, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. त्याला 'देझाल्प' म्हणतात. आधी लांबून आवाज येतो. एरवी चरताना छोट्या घंटा असतात, त्या दिवशी डोक्याएवढ्या, रुंद चामडी पट्ट्याच्या. मग गाई येतात, शिंगांमध्ये फुलं आणि छोटं सूचिपर्णी झाड बांधलेल्या. पुढे आर्माई, फुगीर आखूड बाह्यांचा निळा सदरा घालून, कमरेला मीठ ठेवायची चामड्याची पिशवी. गाईंना साद घालायची तर 'ल्योबा, ल्योबा' म्हणतात. गर्दी कडेला उभी असते आणि गाड्या थांबून राहतात. माझ्या शेजारी एक आजोबा होते. कळप समोर आला तसं त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हा सगळा कुरणांचा हंगाम अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

आणि एक इशारा, माझ्या चुकीवरून. दोन वर्षांपूर्वी आम्ही पायवाटेने जात होतो, वाटेवरच एक वासरू बसलं होतं. बायको फोटो काढायला जवळ गेली. पन्नास पावलांवरची गाय मान खाली घालून सरळ धावत आली. कुंपणाखालून लोळत बाहेर पडलो, बायकोचं मनगट मुरगळलं. फाटकावर पाटी होती, आम्ही वाचली नव्हती. वासरांसह सोडलेल्या गाई दिसल्या तर वाट सोडून लांबून वळसा घ्या, वासराला हात लावू नका, कुत्रा असेल तर दोरीवर ठेवा. फाटक जसं सापडलं तसंच लावा. ड्रोन नको, गुरं बिथरतात आणि उतारावर बिथरलेली गाय खाली पडते.

दोनतिकिटं

बाप रे, बरं झालं सांगितलंत. आता शेवटचा प्रश्न, घरातले सगळे शाकाहारी आहेत. वर रेनेट लिहिलंय ते कशाचं?

गवतफूल

@दोनतिकिटं, हे आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. ते वासराच्या जठरातलं असतं. त्यामुळे काटेकोर शाकाहारी असाल तर हे चीज चालणार नाही, आणि उरलेल्या पाण्यापासून करतात ते मऊ 'सेराक'ही नाही, कारण रेनेट त्यातही आलेलं असतं. मेरँग नावाचा गोड पदार्थ मिळतो, त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो. चालेल ती नुसती साय. रेनेट घालायच्या आधी काढलेली.

बाबा माळकरी आहेत. चीज कसं करतात ते मी त्यांना तिथे जाळाशेजारी बसूनच समजावलं, रेनेटसकट. ते काही बोलले नाहीत. आर्माईने मागच्या वर्षीच्या चाकाचा तुकडा कापून पुढे केला तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि गळ्यातल्या माळेला बोट लावलं. मी फ्रेंचमध्ये कारण सांगितलं. तो माणूस जरा वेळ थांबला, आत गेला आणि लाकडी वाडग्यात रात्रीची साय घेऊन आला, घट्ट, पिवळी, लाकडी चमचा उभा राहील अशी.

माझ्या पिशवीत दशम्या होत्या. बाबांनी एक सायीला लावून खाल्ली. मग दुसरीवर साय घालून, घडी करून त्याच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या खात होता आणि बाबा त्याला मराठीत विचारत होते, "त्या कोपऱ्यातलीला किती दूध?" त्याने बोटं दाखवली. बाबांनी मान डोलावली.